दुपट्ट्याखालचा पुरावा

"वकीलबाई, सिंगापूरले जाची बस नागपूरहून भेटते का छिंदवाड्याहून?"

हा प्रश्न मला सौंसरच्या कोर्टासमोरच्या माझ्या खोलीत एका संत्र्याच्या बगीचेवाल्याने विचारला, आणि तो थट्टा करत नव्हता. त्याने मोबाइलवरच्या कुठल्याशा ॲपवर संत्री विकली होती. माल गेला, अर्धा माल सडका म्हणून नाकारला गेला. तक्रार करायला गेला तेव्हा कळलं की 'मी सहमत आहे' असं जे बटण त्याने बिडी विझवता विझवता दाबलं होतं, त्याच्या पोटात लिहिलं होतं, वाद झाला तर तो सिंगापुरात चालेल. पिढ्यान्‌पिढ्या धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, भांडलेल्या घराण्यातला माणूस. भांडण धुऱ्यापासून इतकं लांब जाऊ शकतं हे त्याला पटेचना. मी म्हटलं, "अहो, बसने नाही जाता येत, मध्ये समुद्र आहे." तर म्हणतो, "मंग तारखेले हजर कसा होऊ?"

तारखेला हजर राहणारा अशील आमच्या कोर्टात दुर्मीळ. त्याचं मला इतकं कौतुक वाटलं की मी त्याला चहा पाजला.

मी मेश्रामबाई. सौंसरच्या कोर्टात आयुष्य गेलं. धुऱ्याची भांडणं, न वटलेले चेक, एकाचं जनावर दुसऱ्याच्या कपाशीत घुसलं, भावाने भावाची विहीर वाटून मागितली, असली कामं मी केली. आमच्या मुलखाला भांडणाचं वावडं नाही. पांढुर्ण्यात तर पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीच्या दोन्ही काठांवरून गोटमार, म्हणजे रीतसर दगडफेक होते, म्हणजे भांडणालाही तिथी ठरलेली आहे. उरलेल्या वर्षातली भांडणं कोर्टात येतात. पण अलीकडे जी भांडणं येतात ती बघून वाटतं, आपण शिकलो तो कायदा कोणत्या गावचा होता?

पांढुर्ण्याहून एक नवराबायको आले होते. लग्नाचा व्हिडिओ त्यांनी इंटरनेटवर टाकला. वरातीत बँडवाले सिनेमाचं गाणं वाजवत होते, तर कुठल्या तरी यंत्राने ते गाणं ओळखलं, हे दुसऱ्याच्या मालकीचं आहे म्हणून सांगितलं आणि पूर्ण व्हिडिओचा आवाज बंद करून टाकला. मूळ फीत कधीच हरवलेली. बायको रडकुंडीला आली होती, कारण त्याच आवाजात तिचे बाबा सासरच्यांना म्हणाले होते, "पोरगी माही लाडाची हाय, तिले एकटीले राबवू नका." ते एकच वाक्य तिला परत हवं होतं. नवरा मला हळूच म्हणाला, "मॅडम, घाई करू नका, तसंच राहू द्या." मी त्या बाईचं वाक्य परत मिळवून दिलं. नवऱ्याने माझी फी उशिरा दिली.

पण माझ्या वकिलीतला सगळ्यात विचित्र खटला बैलबाजारातून आला, आणि तोही पेटंटचा. सौंसरच्या वकिलाकडे पेटंटचं काम येणं म्हणजे सुईणीकडे दाढी करायला येण्यासारखं आहे.

गुलाबराव दलाल माझ्या खोलीत आले, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "वकीलबाई, माह्या दुपट्ट्यात आता कोणीच हात घालून नाही राहिलं."

ज्यांनी बैलबाजार पाहिला नाही त्यांना हे वाक्य चमत्कारिक वाटेल, म्हणून सांगते. आमच्याकडे बैलाचा भाव तोंडाने बोलत नाहीत. दलाल खांद्यावरचा दुपट्टा हातावर टाकतो. विकणारा त्याखाली हात घालतो. मग बोटं धरायची, पेरं दाबायची, कुठे नुसता अंगठा फिरवायचा, त्यातून आकडा सांगायचा, हो-नाही कळवायचं. मग दलाल तसाच घेणाऱ्याचा हात धरतो. वर सगळ्यांचे चेहरे सरळ. वर बोलणं चाललेलं असतं की यंदा संत्र्याचा आंबिया बहार कसा आहे, रामाकोन्याच्या पाहुण्याचं दुखणं कसं आहे. बाजूला उभे राहिलेले लोक त्या चेहऱ्यांकडे बघत असतात, काही कळतं का म्हणून. हात सुटले की कोणीतरी विचारतो, "जमलं का?" त्याला उत्तर एकच, "जमलं." कितीला जमलं हे विचारायची रीत नाही. दलालाच्या दुपट्ट्यात लोकांनी हात घालणं थांबवलं, म्हणजे गावाने त्याच्या घरचं पाणी पिणं थांबवलं असं समजा.

मला ही रीत लहानपणापासून माहीत आहे, आणि तिच्यावर माझा रागही तेव्हापासूनचा आहे. माझे बाबा शेतमजूर होते. थोडी जमीन बटाईने करायला मिळाली तेव्हा ते गोऱ्हा घ्यायला बाजारात गेले, मीही बरोबर होते. दलालाने दुपट्टा खांद्यावरून काढलाच नाही. बाबांना भाव तोंडाने सांगितला, चार लोकांना ऐकू जाईल असा. येताना मी विचारलं, "बाबा, तुमचा हात काऊन नाही धरला त्यानं?" बाबा म्हणाले, "आपला भाव उघडाच असते, माय." तो दलाल गुलाबराव नव्हते, त्यांच्या आधीच्या पिढीतला कोणी होता. पण दुपट्टा म्हटलं की मला आजही आधी तेच आठवतं.

तर गुलाबरावांचं झालं असं. एका कंपनीची दोन पोरं कॅमेरा घेऊन बाजारात आली. त्यांनी एक हातमोजा बनवला होता, आत तारा घातलेला. दोघांनी दोन मोजे घालायचे, एकाने बोट दाबलं की दुसऱ्याच्या मोज्यात थरथर होते, आणि मोबाइलवर सौदा ठरतो. दलाल नको, दुपट्टा नको, समोरासमोर उभं राहायचीही गरज नाही. बोटांची भाषा त्यांना कोणाकडून तरी शिकायची होती. ती त्यांनी गुलाबरावांकडून शिकली, झाडाखाली बसून. कागदावर अंगठ्याशेजारी सहीही घेतली. गुलाबरावांना वाटलं, बैलांवर पिक्चर काढून राहिले.

मग त्या पोरांनी पेटंटचा अर्ज केला. पेटंट म्हणजे काय, तर तुम्ही नवा शोध लावला तर सरकार काही वर्षं त्याची मक्तेदारी तुम्हाला देतं, आणि बदल्यात तुम्ही तो शोध सगळ्यांसाठी उघड लिहून द्यायचा. अर्ज केला म्हणजे पेटंट मिळालं असं नसतं. पण कंपनीने बाजारातल्या सगळ्या दलालांना इंग्रजीत नोटीस पाठवली की बोटांनी सौदा करण्याची ही पद्धत आमची आहे, पेटंट मिळताच वापरणाऱ्यांवर कारवाई होईल. अशा नोटिसीला कायद्यात काडीची किंमत नाही. पण नोटीस समजून घ्यायची नसते, घाबरून घ्यायची असते. दलाल घाबरले आणि मग गुलाबरावांवर उलटले. बापजाद्यांची विद्या यानं इकली, म्हणून.

मोज्याची चाचणीही बाजारात झाली होती. दोन शेतकऱ्यांनी भर उन्हात मोजे घातले. एकाच्या हाताला खाज सुटली, त्याने मोज्यावरून खाजवलं आणि दुसऱ्याच्या मोबाइलवर 'अभिनंदन' असं आलं. सौदा झाला, पण कितीला झाला ते दोघांनाही सांगता येईना. प्रत्येक जण वेगळाच आकडा सांगत होता. इथे काहीतरी पाणी मुरतंय, हे माझ्या तेव्हाच लक्षात यायला हवं होतं.

कायद्यात एक सोय आहे. पेटंट मिळण्याआधी कोणीही हरकत घेऊ शकतो. आणि हरकतीचं एक कारण असं आहे की ही गोष्ट स्थानिक लोकांना आधीपासून माहीत होती, मग ती नुसती तोंडी का माहीत असेना. मला तर हर्ष झाला. आमच्याकडे सगळंच तोंडी असतं. गुलाबरावांच्या नावाने हरकत टाकायची ठरली, आणि मी कंपनीच्या अर्जातली चित्रं पप्पूच्या ऑनलाइन सेंटरवर छापून घेतली. आधार, पॅन, लाइटबिल, रेल्वेचं तिकीट आणि सुनावणी, सगळं पप्पूकडेच होतं. त्याचं इंटरनेट तालुक्यात सगळ्यात भरवशाचं आहे.

तिथेच चित्रं समोर ठेवून मी गुलाबरावांना म्हटलं, "आता मला दाखवा. हात द्या."

त्यांनी हात मागे घेतला आणि दुपट्टा खांद्यावर नीट टाकला. "बाईमाणसाचा हात कसा धरू, वकीलबाई? बरं दिसन का?"

"गुलाबरावजी, मी साठीला आली. कोणाला काय दिसणार आहे?"

"तरी बी."

त्या 'तरी बी'मध्ये बाईमाणूस किती होतं आणि माझ्या बाबांची लेक किती होती, ते मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं की नको, हेही मला अजून ठरवता आलेलं नाही. पण राग आला, तो गिळला आणि पप्पूला हाक मारली.

पप्पूचा हात दुपट्ट्याखाली गेला. खरी भाषा तोंडाने सांगायची नाही, चित्राशी जुळते की नाही एवढंच सांगायचं, अशी गुलाबरावांची अट होती. मी पहिलं चित्र वर धरलं.

"नाही जुळत," पप्पू म्हणाला.

दुसरं चित्र. "नाही." तिसरं. "हे तर बिलकूलच नाही."

"पप्पू, नीट लक्ष दे."

"मॅडम, हात माझा आहे. मला समजून नाही राहिलं का?"

मी गुलाबरावांकडे पाहिलं. ते छतावरच्या पंख्याकडे बघत होते.

"तुम्ही त्या पोरांना काय शिकवलं?"

"शिकवलं काई तरी."

"गुलाबरावजी!"

"मंग काय खरं शिकवू त्यायले?" ते एकदम उसळले. "कोण कुठचे पोट्टे, आले अन् म्हणे शिकवा. म्या बसल्या बसल्या जे सुचलं ते सांगितलं. बोटं उलटी, पेरं उलटे. एक-दोन तर म्या असे बनवले का मलेच मंग याद नाई राहिले."

मी खुर्चीत मागे टेकले. इतकं हसू आलं की पप्पूने पाणी आणलं. म्हटलं, "अहो, मग बाजारात जाऊन हेच सांगा! विकली नाही, टोपी घातली म्हणावं. खांद्यावर घेऊन नाचतील तुम्हाला."

गुलाबरावांचा चेहरा पडला. त्यांनी पप्पूला मोबाइलवर कंपनीची जाहिरात लावायला सांगितली. 'परंपरेला तंत्रज्ञानाची जोड' असं वर लिहिलेलं, खाली गुलाबराव. शेजारी पांढराशुभ्र बैल. गुलाबरावांचा हात बैलाच्या पाठीवर, आणि ते म्हणतात, "या पोट्ट्याईले म्या जे शिकवलं ते खरं हाय."

"पोट्टे म्हणे, हात बैलावर ठेवा, फोटो चांगला येते," गुलाबराव म्हणाले.

आता इथे मला पुन्हा थांबून सांगावं लागेल. बैलाच्या पाठीवर हात ठेवून बोललेला शब्द बाजारात मोडत नाहीत. बैल मारका आहे का, नांगराला जुंपला की बसकण मारतो का, वयाने उतरलेला आहे का, हे घेणाऱ्याला कळायचं दुसरं साधनच नाही. दलालाने पाठीवर हात ठेवून सांगितलं म्हणजे झालं. तसा हात ठेवून जो खोटं बोलला, त्याचा धंदा त्याच दिवशी संपला. त्या पोरांनी चांगल्या फोटोसाठी म्हाताऱ्याकडून काय करवून घेतलं, याचा त्यांना पत्ताच नव्हता.

"खरं शिकवलं म्हणलं तर इकलं म्हणतीन," गुलाबराव सांगत होते. "खोटं शिकवलं म्हणलं तर बैलाची शप्पत मोडली म्हणतीन. दोन्हीकून मेलो, वकीलबाई. बाजारात नाई बसलो तर म्या करू काय? मले दुसरं येते काय?"

त्यांचे डोळे भरून आले होते. मघाचा माझा राग तेवढ्यापुरता कुठे गेला कोण जाणे.

आणि बाजार राहू द्या, कायद्यातही घोटाळाच झाला होता. मी हरकत घेणार होते की ही पद्धत जुनी आहे. पण चित्रातली पद्धत जुनी नव्हती. ती जगात कोणीच कधी वापरली नव्हती. गुलाबरावांनी झाडाखाली बसून जी थाप मारली, ती कायद्याच्या भाषेत शंभर टक्के नवा शोध होती. आणि जुनी म्हणून सिद्ध करायला खरी भाषा उघड करावी, तर दलालांचा धंदाच उघडा पडला. म्हणजे विद्या वाचवायला विद्या मारायची. मी दोन दिवस चिडचिड करत फिरले. घरी भाजी निवडताना एकदम सुचलं. थाप नवी असेल, पण मारली कोणी? कंपनीने नाही मारली. शोध नवा असेल तर तो गुलाबरावांचा आहे, आणि जुना असेल तर सगळ्यांचा आहे. कंपनीचा तो कसाही होत नाही. दोन्ही शिंगं त्यांच्याच पोटात. दुसऱ्याचा शोध घेऊन अर्ज करणं हे हरकतीचं वेगळं कारण कायद्यात आहेच. मी मेथी तशीच टाकून लिहायला बसले.

सुनावणी व्हिडिओवर होती. पप्पूच्या सेंटरमध्ये पासपोर्ट फोटोचा निळा पडदा होता, त्याच्यापुढे मी आणि गुलाबराव स्टुलांवर बसलो. बाजारातले दलाल खबर लागून आले होते आणि पडद्याच्या दोन्ही बाजूंनी डोकावत होते. त्यांच्यातले सगळ्यात म्हातारे नथ्थूजी, ज्यांचा शब्द बाजारात शेवटचा, त्यांना पप्पूने स्वतःची खुर्ची दिली. पडद्यावर एका चौकोनात पेटंट कार्यालयाचे अधिकारी, भला माणूस, आवाज थकलेला. दुसऱ्या चौकोनात कंपनीचा तरुण वकील, मागे पुस्तकांचं कपाट. कपाट खोटं होतं, कारण वकील हलला की त्याचा एक कान कपाटात जायचा.

कंपनीचा वकील इंग्रजीत म्हणाला, परंपरा जुनी असेल तर पुरावा दाखवा.

मी म्हटलं, "ही दाखवायची परंपरा नाही, लपवायची आहे. दाखवली तर ती उरत नाही."

साहेब म्हणाले, "लपवलेलं ज्ञान स्थानिकांना उपलब्ध होतं असं कसं म्हणायचं?"

"ज्याचा हात होता त्याला उपलब्ध होतं."

साहेबांनी ते लिहून घेतलं. मग म्हणाले, निदान एकदा प्रात्यक्षिक दाखवा, कपड्याशिवाय. मी हे मराठीत सांगताच पडद्यामागून एकच गलका झाला, "नाही जी! बिलकूल नाही!" गुलाबराव हात जोडून हिंदीत म्हणाले, "साहब, दुपट्टा निकाल दिया तो फिर बचा क्या?"

शेवटी दुपट्ट्यासकट प्रात्यक्षिक ठरलं. गुलाबरावांनी दुपट्टा टाकला. दलालांपैकी कोणी पुढे येईना, म्हणून पुन्हा पप्पूच. भारत सरकारचे एक वरिष्ठ अधिकारी बराच वेळ एका हलणाऱ्या दुपट्ट्याकडे एकटक बघत होते. मध्येच पप्पूला गुदगुल्या झाल्या. मग साहेबांनी खाली मान घालून लिहिलं आणि वाचून दाखवलं, "प्रात्यक्षिक पाहण्यात आले."

मग मी माझी दोन शिंगं मांडली. साहेबांना ती पटलेली दिसली. पण खरं तर ज्याची गरज नव्हती तो प्रश्न त्यांनी विचारला. अशा सुनावणीत साक्ष काढत नाहीत, शपथपत्रावर भागतं. माझी समजूत अशी आहे की साहेबांना स्वतःलाच राहवलं नाही.

"गुलाबरावजी, एक बताइए. जो आपने इन लड़कों को सिखाया, वह सच था या झूठ?"

नथ्थूजी पुढे वाकले. मी हरकत घ्यायला तोंड उघडलं, पण गुलाबरावांनी माझ्याकडे न बघता हाताने मला थांबवलं. त्यांनी टोपी काढली.

"झूठ था, साहब," ते म्हणाले. मग मागे वळून मराठीत म्हणाले, "खोटं शिकवलं म्या. आपली विद्या नाही इकली."

मागे कुजबुज सुरू झाली. "बैलावर हात होता ना बे त्याचा..." कोणीतरी म्हणालं. आणि नेमक्या त्याच वेळी कंपनीच्या वकिलाला आपण जिंकलो असं वाटलं. तो म्हणाला, हा माणूस आज खोटं बोलतोय, याने कॅमेऱ्यासमोर शपथ घेतली होती, मी दाखवतो. आणि त्याने स्वतःच ती जाहिरात लावली, मोठी करून, पूर्ण पडद्यावर. पांढराशुभ्र बैल. पाठीवर हात. "जे शिकवलं ते खरं हाय."

मी डोळे मिटून घेतले. गुलाबरावांचं आता संपलं, खटला जिंकला काय आणि हरला काय.

"थांबवा," नथ्थूजी म्हणाले. "ए पप्पू, त्यायले सांग, मांगं घ्या थोडं."

पप्पूने सांगितलं. कंपनीच्या वकिलाला वाटलं आपला पुरावा रंगतोय. त्याने आनंदाने मागे घेतलं, थांबवलं, आणखी मोठं केलं. नथ्थूजी खुर्चीवरून उठले, स्क्रीनपाशी गेले, चष्मा वर करून नाक लावून पाहिलं. मग त्यांनी बोट टेकवलं. बैलाची पाठ पांढरी, गुलाबरावांचा दुपट्टा पांढरा. मोबाइलवर कोणाला दिसला नव्हता. खांद्यावरून सुटलेलं दुपट्ट्याचं टोक गुलाबरावांच्या तळव्याखाली, बैलाच्या पाठीवर पसरलेलं होतं.

"मधात दुपट्टा हाय," नथ्थूजी म्हणाले. "हात लागलाच नाही बैलाले."

"लागली नाही शप्पत!" पडद्यामागून कोणी ओरडलं, आणि मग सगळेच ओरडायला लागले. निळा पडदा खाली आला. दोन दलाल एकमेकांना मिठी मारत होते. एकाने पप्पूच्या पाठीत इतक्या प्रेमाने थाप मारली की तो प्रिंटरवर पडला आणि प्रिंटरमधून कोणाचं तरी लाइटबिल निघालं.

"क्या हुआ? ऑर्डर, ऑर्डर," साहेब म्हणत होते. "मॅडम, इस कपड़े का इस मामले से क्या संबंध है?"

आयुष्यभराच्या वकिलीत मी इतकं अवघड निवेदन केलेलं नाही. मी उभी राहिले, पदर नीट केला आणि इंग्रजीत सांगितलं की महोदय, शपथ घेण्यात आली होती, परंतु ती बैलापर्यंत पोहोचली नाही.

साहेबांनी पेन थांबवलं. कंपनीच्या वकिलाचा कान कपाटात गेला तो बाहेरच आला नाही.

निकाल काही महिन्यांनी आला. अर्ज नामंजूर. गंभीर इंग्रजीतला आदेश, सगळा कलमांनी भरलेला, आणि मध्ये एक वाक्य, की हरकतदाराची शपथ संबंधित जनावराच्या प्रत्यक्ष संपर्कात आलेली नव्हती असे निवेदन करण्यात आले, त्याची नोंद घेण्यात येत आहे. ते वाक्य मी चौकटीत लावून खोलीत टांगलं आहे. नवे वकील येऊन वाचतात आणि मला काही विचारायला घाबरतात.

एक गोष्ट मात्र मला खाते. अर्ज नामंजूर झाला तरी त्यातली चित्रं सरकारी दप्तरी सगळ्यांसाठी उघडी आहेत. म्हणजे आमच्या मुलखातल्या बोटांच्या भाषेची लेखी नोंद एकच आहे, आणि ती गुलाबरावांची थाप आहे. मागे एक शिकलेली मुलगी लांबून आली होती, ती चित्रं घेऊन, लोकविद्येवर अभ्यास करायला. तिने गुलाबरावांसमोर मोठ्या आदराने बोटं उलटी करून दाखवली. गुलाबराव "बरोबर, बरोबर" म्हणाले. खरी भाषा कुठेच लिहिलेली नाही. बाजारात बैल दरवर्षी कमी होतात, ट्रॅक्टरच्या सौद्याला दुपट्टा लागत नाही, आणि नथ्थूजीही आता राहिले नाहीत. मी विद्या वाचवली म्हणतात सगळे. मी ती तशीच झाकून ठेवली, एवढंच खरं. वाचवणं यालाच म्हणतात का, मला माहीत नाही.

त्या निकालानंतर पोळ्याच्या आधीच्या बाजाराला मी मुद्दाम गेले. शिंगांचे रंग, घुंगरं, नव्या वेसणी यांची दुकानं लागली होती. गुलाबराव झाडाखाली बसले होते आणि त्यांच्या दुपट्ट्यात हात घालायला लोक रांगेने उभे होते. मला पाहून त्यांनी जागा करून दिली. इकडचं तिकडचं बोलणं झालं. मग मी इतके दिवस पोटात ठेवलेलं विचारलं.

"गुलाबरावजी, एक खरं सांगा. त्या जाहिरातीच्या वेळी दुपट्ट्याचं टोक तुम्ही मुद्दाम हाताखाली घेतलं होतं, की आपोआप आलं?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग आजूबाजूला पाहिलं. चारचौघे उभे होते, दोन दलाल, काही शेतकरी. गुलाबरावांनी खांद्यावरून दुपट्टा ओढला, हातावर टाकला आणि तो हात माझ्यापुढे केला.

क्षणभर मला कळेना काय करायचं. मग मी दुपट्ट्याखाली हात घातला. म्हाताऱ्याचा हात खरखरीत आणि गरम होता. त्यांनी माझी बोटं धरली, एक पेर दाबलं, अंगठा फिरवला, सावकाश, समजेल असं. वर आम्ही दोघं पोळ्याला पाऊस येईल की नाही ते बोलत होतो. लोक माझ्या चेहऱ्याकडे बघत होते. मला बाबा आठवत होते आणि चेहरा सरळ ठेवणं फार अवघड जात होतं, पण ठेवला.

हात सुटले तेव्हा बाजूच्या एका शेतकऱ्याने विचारलं, "काय वकीलबाई, जमलं का?"

"जमलं," मी म्हटलं.